बेटांवरचा हनिमून : बजेट करताना या चुका टाळा

बडोद्यात मार्गशीर्षातला मुहूर्त ठरला की पाठोपाठ हनिमूनची चर्चा सुरू होते, आणि हल्ली त्यात फुकेत, बाली किंवा मालदीव असतंच. विमानाचं तिकीट अधिक हॉटेल, एवढं धरून बजेट बांधतात. खिसा खरा हलका होतो तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना.

सहा रात्रींत चार बेटं, ही सगळ्यांत महाग चूक. थायलंडमध्ये फुकेतहून फी फी बेटावर बोटीने सुमारे दोन तास लागतात, म्हणून हे सोपं वाटतं. पण सकाळी खोली सोडायची, धक्क्यापर्यंत टॅक्सी, बोटीची वाट पाहणं, उतरल्यावर माणशी २० बाट शुल्क, तिथे मोटारी नाहीत म्हणून बॅगा ढकलगाडीवरून न्यायच्या, आणि नवी खोली दुपारी दोनला. भाडं पूर्ण दिवसाचं, हाती अर्धा दिवस. म्हणून वहीत हॉटेलांआधी अशा फेऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे टॅक्सी, बोट, हमाली, जेवण असा दोघांचा खर्च मांडा. सहा रात्रींना दोन बेटं भरपूर झाली, असं माझं ठाम मत आहे. तिसरं बेट सामान खोलीवर ठेवून दिवसाच्या सहलीत बघा. सहल घेताना फी फीजवळच्या ‘माया बे’ या किनाऱ्याचं ४०० बाटचं राष्ट्रीय उद्यान शुल्क दरात धरलंय का, हे विचारा. ऑगस्ट-सप्टेंबरात तो किनारा बंद असतो.

ऋतू न पाहता बेट ठरवणं ही दुसरी चूक. फुकेत-क्राबीच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस. कोह सामुईकडे तो ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबरात लग्न असेल तर फुकेत, मे महिन्यात असेल तर सामुई. मुहूर्त हलवता येत नाही, बेट बदलता येतं. खवळलेल्या समुद्रात बोट रद्द झाली की जादा रात्रीचं भाडं आपल्याच माथी.

मालदीवचे दर वाचताना डॉलरच्या आकड्यापुढची दोन अधिक चिन्हं बघा. त्यांचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर १७ टक्के कर, म्हणजे १०० डॉलरचे जवळपास १२९. शिवाय रिसॉर्टवर माणशी, दर रात्री १२ डॉलर हरित कर : दोघांना चार रात्रींचे ९६. रिसॉर्टवर नेणारं सी-प्लेन फक्त दिवसा उडतं. संध्याकाळी मालेला उतरलात तर तिथे एक रात्र काढावी लागते. स्वस्त तिकीट बहुधा असंच महागात पडतं.

बालीत आगमन व्हिसा ५ लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन) आणि पर्यटक शुल्क दीड लाख. दोघांचे १३ लाख, म्हणजे साधारण सात हजार रुपये.

आपल्याकडून अहमदाबाद किंवा मुंबई गाठायचा खर्च वेगळा लिहा. मुंबईपर्यंत विमानाने जाणार असाल, तर देशांतर्गत तिकिटावर बहुतेकदा १५ किलोच सामान चालतं.

पॅकेजचे पैसे सासरे किंवा काका भरणार असतील, तर कापला जाणारा टीसीएस (परदेशी पॅकेजवर आगाऊ वसूल होणारा आयकर) त्यांच्या पॅनवर जमा होतो. रिटर्न भरताना तो त्यांनाच वजा मिळेल, तुम्हाला नाही. हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

चार बेटांचं बुकिंग करून बसला असाल, तर प्रत्येक हॉटेलची फुकट रद्द करण्याची तारीख बघा आणि सगळ्यांत छोटा मुक्काम काढून टाका. शेवटची रात्र विमानतळ असलेल्या बेटावरच ठेवा. बोट आणि विमानाची तिकिटं वेगवेगळी असतील, तर बोट चुकल्यावर विमान कंपनी पैसे परत देत नाही. तिकडे कार्ड घासताना मशीनने ‘रुपयांत भरायचं का?’ विचारलं तर नाही म्हणा. बाट किंवा रुपियातच भरा, नाहीतर चलनाचा दर दुकानदाराची बँक ठरवते.