रायबंदरच्या सेतूवर पृथ्वीची वक्रता कशी मोजावी

पणजी ते रायबंदर हा सतराव्या शतकातील सेतू, पोंत दि लिन्हारेस, सुमारे ३ किमी लांब असून, तेवढ्या अंतरात समुद्रसपाटीला समांतर जाणारी रेषा दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा मध्यभागी सुमारे १८ सेंमी उंच असते. डोळ्यांना हे दिसत नाही, सर्वेक्षकाच्या लेव्हलला, म्हणजे आडव्या रेषेत पाहणाऱ्या दुर्बिणीच्या उपकरणाला, मात्र दिसते.

एकमेकांपासून ५०० मीटरवर दोन खुणा निवडा. प्रथम लेव्हल बरोबर मध्यावर ठेवून दोन्ही खुणांवर उभ्या धरलेल्या मोजपट्ट्यांची वाचने घ्या. अंतरे समान असल्याने वक्रतेचा परिणाम रद्द होऊन खरा उंचीफरक मिळतो. नंतर लेव्हल एका खुणेजवळ मांडून तोच फरक काढा. दूरच्या पट्टीचे वाचन, प्रकाशाचे वक्रीभवन धरूनही, सुमारे १.७ सेंमी जास्त येईल.

खरी कसोटी उपकरणाची आहे, कारण ३० मीटरला १ मिमी एवढाच दृष्टिरेषेचा दोष (दुर्बिणीची रेषा पूर्ण आडवी नसणे) ५०० मीटरवर जवळपास तेवढीच चूक निर्माण करतो. हा दोष घालवण्यासाठी लेव्हल दुसऱ्या खुणेजवळ नेऊन उलट मापन करावे व दोन्हींची सरासरी घ्यावी, असे कोणी सुचवले तरी ऐकू नये. कारण त्याने वक्रता आणि दोष दोन्ही एकत्रच रद्द होतात; म्हणून दोष आधी कमी अंतरावर तपासून दूर करावा. मापन सकाळी लवकर करावे. तापलेल्या डांबरावर पट्टीवरील आकडे थरथरतात.