माशाचा रंग बदलला की आधी कल्ले बघा

रात्रपाळी संपवून पहाटे साडेपाचला घरी आले, हॉलमधला दिवा लावला आणि खाऱ्या पाण्यातल्या समुद्री माशांच्या टँककडे बघून पोटात गोळाच आला. आमचा यलो टँग, एरवी लिंबासारखा पिवळा, फिकट आणि मळकट दिसत होता. अंगाच्या मधोमध पांढरी आडवी रेघ, तिच्याभोवती तपकिरी छटा. मी पर्सही खाली न ठेवता औषधांचा डबा काढला. आईनं हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "आधी बस गो." चहा संपेपर्यंत मासा पुन्हा पिवळाधमक झाला होता. तो झोपेतला रंग होता.

त्या दिवसापासून माझा पहिला नियम ठरला. रंग बदललेला दिसला, तर दिवा लावून अर्धा तास थांबायचं. माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. मेंदूचा इशारा मिळाला की त्यांतलं रंगद्रव्य पसरतं किंवा आक्रसतं, त्यामुळे काही मिनिटांत रंग पालटू शकतो. यलो टँग रात्री असा दिसतो, ब्लू टँग रात्री फिकटतो, फॉक्सफेस घाबरला की अंगभर तपकिरी ठिगळं येतात. क्लाउनफिश नव्या अॅनिमोनमध्ये (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) राहायला लागला की त्याच्या नारिंगी अंगावर काळे डाग उमटू शकतात आणि काही आठवड्यांत विरतात. यांतल्या एकालाही औषध लागत नाही. उलट, धडधाकट माशाला जाळीत पकडून औषधाच्या पाण्यात टाकणं हाच मोठा धक्का असतो.

अर्ध्या तासानंतरही रंग परतला नाही, तर काय?

माझी आई मालवणची. बाजारात मासे घेताना ती अंगाची चकाकी नंतर बघते, आधी बोटानं कल्ला उचलते. जिवंत माशाचा कल्ला उचलता येत नाही, पण त्याची हालचाल मोजता येते. घड्याळ धरा, 15 सेकंदांत कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा, चारनं गुणा. मासा बरा असतानाच हा आकडा वहीत लिहून ठेवा. माझ्या क्लाउनफिशचा मिनिटाला 70 च्या आसपास असतो. तो 120 वर गेला, किंवा मासा पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहिला, तर अंगावर एकही डाग नसला तरी मी त्याला आजारी धरते. कारण सगळ्यांत घातक परजीवी कल्ल्यांवर आधी बसतात आणि कातडीवर उशिरा दिसतात.

त्यानंतर पाणी तपासा. घनता 1.025, तापमान 26 अंशांच्या आसपास, अमोनिया शून्य. खाऱ्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असतो, तिथे थोडा अमोनियासुद्धा गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. कल्ले भाजतात, परांवर लाल रेषा येतात. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) प्रमाणित द्रावणानं जुळवून घ्या. नुसत्या पाण्यानं शून्यावर आणलेला माझा रिफ्रॅक्टोमीटर कित्येक महिने चुकीचा आकडा दाखवत होता. पाणी बिघडलेलं असेल तर पाणी बदलणं हाच उपचार. त्यावर औषध ओतू नका.

पाणी ठीक असेल, तर आता अंग बघा. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च बाजूनं, तिरपा मारा. समोरून मारलेल्या उजेडात निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.

रव्याचे कण चिकटल्यासारखे सुटे, मोजता येतील असे पांढरे ठिपके असतील, तर तो मरीन इच, शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. यात लोक हमखास फसतात, कारण ठिपके 3 ते 7 दिवसांत आपोआप गळून पडतात आणि वाटतं, औषध लागू पडलं. खरं तर परजीवी वाळूत आणि दगडांवर जाऊन कोष करून बसलेला असतो. तिथून त्याची शेकडो पिल्लं सुटतात आणि पुढचा हल्ला पहिल्यापेक्षा जोरात होतो.

पिठीसाखर भुरभुरल्यासारखी बारीक, सोनेरी झाक असलेली धूळ दिसली, तर तो व्हेल्वेट, म्हणजे अॅमिलूडिनियम. मासा उजेड टाळतो, खाणं सोडतो, धापा टाकतो. इथे उद्या बघू म्हणू नका. व्हेल्वेट दोन-तीन दिवसांत अख्खा टँक रिकामा करू शकतो.

दुधावर साय धरावी तसा पांढुरका, जाड थर असेल आणि तो तुकड्यातुकड्यांनी सुटत असेल, तर तो ब्रुकलिनेला. क्लाउनफिशला, त्यातही समुद्रातून पकडून आणलेल्या, हा फार होतो.

याच ठिकाणी माझ्या हातून एक मासा गेला. 2018 च्या पावसाळ्यात मी क्लाउनफिशची जोडी आणली. तिसऱ्या दिवशी मादीच्या अंगावर पांढरे चट्टे दिसले. मी इच समजून कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, सुरू केलं. दोन दिवसांनी तिच्या पाठीवरून पांढरी चिंधी लोंबत होती, संध्याकाळपर्यंत ती गेली. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, आणि घरच्या माशाची स्लाइड मात्र तो मेल्यावर केली. कव्हरस्लिपखाली (स्लाइडवर झाकायची पातळ काच) मूत्रपिंडाच्या आकाराचे जीव सरसर सरकत होते. ब्रुकलिनेला. त्याच्यावर कॉपर चालत नाही. नराला त्याच रात्री फॉर्मलिनची (फॉर्माल्डिहाइडचं द्रावण) अंघोळ दिली. तो आजही आहे.

म्हणून साधा मायक्रोस्कोप मिळवता आला, तर जरूर मिळवा. जुना, शाळेत असतो तसासुद्धा चालतो. ओल्या हातानं मासा धरा, कव्हरस्लिपच्या कडेनं कल्ल्यामागून शेपटीच्या दिशेला हलकेच एकदा बुळबुळ खरवडा, स्लाइडवर टँकच्याच पाण्याचा थेंब घ्या. साधं पाणी किंवा सलाइन घेतलं तर परजीवी फुटतात. दहा मिनिटांच्या आत बघा. इच मोठा, गडद, गोलसर असतो आणि जागच्या जागी सावकाश गरगरतो. 4 पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखालीसुद्धा दिसतो. ब्रुकलिनेला त्याच्याहून कितीतरी लहान आणि चपळ. व्हेल्वेट नासपतीच्या आकाराचा, तपकिरी, मुळीच न हलणारा. शंका असेल तर पातळ केलेल्या ल्युगोल आयोडिनचा थेंब सोडा. त्याच्यात स्टार्च असतो, त्यामुळे तो गडद होतो.

बाकीचे डाग एवढे जिवावरचे नसतात. परांच्या टोकाला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली, तर तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणू. त्यावर औषध नाही, गरजही नाही. चांगलं खाणं आणि शांतता मिळाली की बहुतेक वेळा आपोआप जातो. यलो टँगवर मिऱ्याची पूड पडल्यासारखे काळे ठिपके हे बारीक चपट्या किड्यांचं काम असतं, त्याला ब्लॅक इच म्हणतात. डोळ्यावर धुरकट पडदा, कातडी निस्तेज आणि मासा दगडावर अंग घासतोय, तर फ्लूक, म्हणजे अंगाला चिकटणारे चपटे परजीवी किडे. आणि टँगच्या डोळ्यांभोवती, बाजूच्या रेषेवर रंग जाऊन खड्डे पडू लागले, तर खाण्यात समुद्रशेवाळ वाढवा आणि टँकमधला कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) काढून टाका. कार्बनची बारीक भुकटी पाण्यात फिरत राहिली की हा त्रास होऊ शकतो.

आता उपचार. मुख्य टँकमध्ये कोणतंही औषध घालू नका, हे मी हात जोडून सांगते. कॉपरनं कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतात. दगड आणि वाळू कॉपर शोषून घेतात, मग पाण्यात त्याचं प्रमाण टिकत नाही. वेगळा टँक लागतो. माझा 40 लिटरचा आहे. त्यात स्पंज फिल्टर, हीटर, एअर पंप आणि मासा लपायला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले पीव्हीसीचे एल्बो. वाळू नाही, दगड नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवते आणि त्याची जाळी, बादली, नळी वेगळी. व्हेल्वेटची पिल्लं पाण्याच्या तुषारांबरोबर हवेतूनही पसरतात.

इच आणि व्हेल्वेटला कॉपर. बाटलीत कोणत्या प्रकारचं आहे ते आधी वाचा. चिलेटेड (दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं) असेल तर 2 ते 2.5 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), साधं आयनिक (मोकळं) असेल तर 0.15 ते 0.20. हे दोन आकडे अदलाबदल झाले तर मासा गेलाच. टेस्ट किटही त्याच प्रकाराला चालणारं हवं. इच असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू पातळी चढवा, मग 30 दिवस रोज मोजा. पाणी बदललं की त्या पाण्याच्या हिशेबानं कॉपर पुन्हा घाला. अमोनिया बांधणारी, क्लोरिन काढणारी औषधं कॉपरसोबत वापरू नका, कॉपर एकदम विषारी होऊ शकतं. कोकणात सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातला मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच, म्हणून एका ओळखीच्यांनी मला तो सुचवला होता. शेतीच्या मोरचुदात आणखी काय मिसळलंय हे आपल्याला कळत नाही. तो वापरू नका.

ब्रुकलिनेलाला फॉर्मलिन. इथे माझ्या क्षेत्रातली एक सूचना. लॅबमध्ये बायॉप्सीचे तुकडे ठेवतात ते 10 टक्के बफर केलेलं द्रावण माशांसाठी नाही. 37 टक्क्यांचं साधं फॉर्मलिन घ्या. तळाशी पांढरा साका बसलेला असेल तर ती बाटली टाकून द्या, तो साका माशांना विषारी असतो. बादलीत टँकच्या तापमानाचं 10 लिटर खारं पाणी, त्यात 1.5 मिली फॉर्मलिन, आणि एअर स्टोन पूर्ण जोरात. फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. मासा 30 ते 45 मिनिटं ठेवा आणि समोरून हलू नका. मासा आडवा झाला तर लगेच बाहेर. नंतर त्याला स्वच्छ, नव्या पाण्याच्या टँकमध्ये सोडा, कारण जुन्या टँकमध्ये परजीवी वाट बघत असतात. एक दिवसाआड अशा तीन अंघोळी द्या. हातात ग्लोव्ह्ज घाला, खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं दूर. याचा वास घेणंसुद्धा धोक्याचं आहे, कॅन्सरकारक म्हणून ते ओळखलं जातं.

फ्लूक आणि ब्लॅक इचसाठी गोड्या पाण्याची डुबकी. आरओचं पाणी, टँकइतकंच तापमान, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून पीएच 8.2 च्या आसपास, आणि आधी तासभर हवा सोडलेलं. पाच मिनिटं. मासा सुरुवातीला निपचित पडल्यासारखा वाटेल, घाबरू नका, पण नजर हटवू नका. काळ्या बादलीत डुबकी दिली, तर आतापर्यंत पारदर्शक असलेले फ्लूक पांढरे होऊन तळाशी तिळासारखे पडलेले दिसतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं होतं. डुबकीनं सगळे जात नाहीत, म्हणून पुढे प्रॅझिक्वांटेल हे जंतांचं औषध, लिटरला 2.5 मिलिग्रॅम, आणि आठवड्यानं दुसरा डोस, अंड्यांतून निघणाऱ्या नव्या पिढीसाठी.

एक रंग उतरणं मात्र औषधाचं नाहीच. महिन्यामहिन्यानं हळूहळू नारिंगी फिकट, पिवळा पांढुरका होत जातो, मासा खातो, पोहतो, कल्ले शांत. हे एकाच प्रकारच्या कोरड्या दाण्यांमुळे. नारिंगी-तांबडा रंग देणारं द्रव्य मासा स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. मी बाजारातली कोळंबी आणि जवळा स्वच्छ धुऊन, बारीक करून, पातळ थरात गोठवते आणि त्याची लहान चौकोनी तुकडी रोज एक देते. टँगला बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पापुद्रा) क्लिपला लावून. दीड-दोन महिन्यांत फरक दिसतो.

मासे बरे झाले तरी मुख्य टँकमध्ये लगेच नेऊ नका. इच किंवा व्हेल्वेट झाला असेल, तर तो टँक माशांशिवाय 76 दिवस रिकामा ठेवायचा. कोरल, गोगलगायी राहू द्या, परजीवीला जगायला मासा लागतो. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल करते. त्या दिवशी संध्याकाळी टँकचे दिवे बंद करून मासे सोडते, म्हणजे बुजत नाहीत. त्या रात्री शक्यतो रात्रपाळी घेत नाही. सकाळी दिवे लागायच्या आधी टँकसमोर स्टूल टाकते, टॉर्च तिरपा धरते, यलो टँगच्या अंगावरची पांढरी रेघ अजून तशीच असते, आणि मी घड्याळ बघून 15 सेकंद कल्ले मोजते.