थीम पार्कचा वार्षिक पास घेताय? या चुका टाळा

थीम पार्कच्या वार्षिक पासबद्दलचे फोन मला बहुतेक वेळा थेट पार्कच्या दारातून येतात. संध्याकाळ झालेली असते, दिवस मजेत गेलेला असतो, मुलं अजून उड्या मारत असतात. खिडकीवरचा माणूस सांगत असतो की आजच्या तिकिटाचे पैसे पासात वळते करून मिळतील. 'ताई, पटकन सांग, घेऊ का?' घरून ठरवून गेला असशील तर घे, दारात उभं राहून ठरवत असशील तर नको, एवढंच मी सांगते. बरेच जण तरीही घेतात आणि सहा-सात महिन्यांनी पुन्हा फोन करतात. प्रत्येकाची चूक जवळपास तीच असते, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे.

भागाकार करून थांबणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पासची किंमत भागिले एका दिवसाच्या तिकिटाची किंमत. उत्तर अडीच आलं की लोक म्हणतात, 'म्हणजे तिसऱ्या फेरीपासून फुकट!' भागाकारात काही चूक नाही. पण पैसे वसूल व्हायला किती फेऱ्या लागतील एवढंच तो सांगतो. तुमच्या हातून खरोखर किती फेऱ्या होतील, हे त्यात कुठेच नसतं.

मी स्वतः हेच केलं होतं. आम्ही चौघं, मुलगी सहा वर्षांची, मुलगा नऊचा. पहिल्याच दिवशी, अंधार पडल्यावर, झोपलेली मुलगी खांद्यावर घेऊन मी खिडकीपाशी उभी होते. अडीचचा भागाकार मनातल्या मनात केला आणि चार पास घेतले. अटींचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसरी फेरी पाच आठवड्यांनी झाली आणि छान झाली. त्यानंतर एका शनिवारी निघायचं ठरवलं, तर आमच्या पासवर तो दिवस चालत नव्हता. पुढच्या महिन्यात मुलाला ताप आला. मग परीक्षा, मग नवऱ्याची कामाची पाळी बदलली. मग 'बघू पुढच्या आठवड्यात' असं म्हणत दोन महिने कसे गेले ते कळलं नाही. पास संपायला नऊ दिवस उरले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या दोनच फेऱ्या झाल्या आहेत.

आणि मग आम्ही दुसरी चूक केली. पास वाया जाऊ नये म्हणून गेलो. पाऊस होता. उंचावरच्या राइड विजांच्या भीतीने थांबवल्या होत्या. आम्ही एका छपराखाली दीड तास उभे होतो. मुलगी म्हणाली, 'आई, आपण घरी कधी जायचं?' मी तिला म्हटलं, 'अजून थोडा वेळ, पास संपतोय ना.' सहा वर्षांच्या मुलीला असलं उत्तर द्यायला नको होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. पैसे अकरा महिन्यांपूर्वीच गेले होते. थांबून ते परत येणार नव्हते. त्यांच्यामागे एक अख्खा रविवारही घालवला.

आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज जवळपास सगळ्यांचाच चुकतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त वर्गणी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका फेरीला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच ठिकाणी दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरीला १० डॉलर पडले असते. व्यायामशाळा घराजवळ असते, तिथे अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, तरी ही गत. पार्कला जायचं म्हणजे सगळ्या घराची मोट बांधायची.

माझी सवय अशी आहे. आधी मागचं वर्ष आठवायचं. पास नसताना, पूर्ण तिकीट काढून, आपण किती वेळा गेलो? एकदाही नाही, तर पास घ्यायचा नाही. आधी एकदा तिकीट काढून जाऊन या. दोनदा गेला असाल तर मग कॅलेंडर घ्या आणि पेन्सिलीने खऱ्या तारखा लिहा. 'दर महिन्याला एकदा' ही तारीख नव्हे. सगळ्या लिहून झाल्या की त्यातल्या एक तृतीयांश मी खोडून टाकते. आजारपण, पाहुणे आणि पाऊस यांच्या वाट्याच्या त्या. उरलेल्या तारखांनी पास वसूल होत असेल तरच पुढचा विचार.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट निसटते. पास नसता तर तुम्ही दोनदा गेला असता आणि पासमुळे पाचदा गेलात, म्हणून पाच तिकिटांचे पैसे वाचले असं होत नाही. वाचले ते दोनच तिकिटांचे. बाकीच्या तीन फेऱ्या तुम्हाला आवडल्या असतील, पण पूर्ण तिकीट काढून तुम्ही त्या केल्या नसत्या. त्यांना अर्ध्या तिकिटाचा भाव लावा, कमीच लावा. शिवाय प्रत्येक जास्तीच्या फेरीबरोबर जाण्या-येण्याचा आणि खाण्यापिण्याचा खर्च येतोच.

बंद तारखा न पाहणं

स्वस्त पास स्वस्त का असतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं. तो स्वस्त असतो कारण तुम्हाला जायला सोयीच्या दिवशी तो चालत नाही. याला ब्लॉकआउट तारखा म्हणतात: सुट्ट्या, सणांचे आठवडे, बरेचसे शनिवार-रविवार. शाळेत जाणारी मुलं आणि नोकरी करणारे आईवडील यांना मोकळे मिळणारे दिवस नेमके तेच. आमचा तो शनिवार अटींच्या कागदावर छापलेला होता. मी कागद उघडला तो चार महिन्यांनी.

पासच्या श्रेणींचा तक्ता पाहताना किमतीच्या रकान्यापासून सुरुवात करू नका. बंद तारखांची यादी घ्या आणि आपल्या पेन्सिलीच्या तारखांवर काट मारत जा. दोन श्रेणींमधला फरक तेव्हाच कळतो. निवृत्त जोडप्याला, किंवा ज्यांची सुट्टी मंगळवारी-बुधवारी असते त्यांना, सगळ्यात खालची श्रेणी उत्तम. शाळकरी मुलांच्या घराला ती बहुधा निरुपयोगी.

यादी स्वच्छ दिसली तरी आगाऊ बुकिंगची अट आहे का ते वेगळं पाहा. बंद तारीख नसणं आणि त्या दिवशी प्रवेश मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मॅजिक की' नावाचे नवे पास आणले. त्यातली सगळ्यात वरची 'ड्रीम की' बंद तारखा नसलेली म्हणून विकली गेली, पण प्रत्येक भेटीसाठी आरक्षण लागायचं. ज्या दिवशी साधं तिकीट मिळत होतं त्या दिवशीही पासधारकांना आरक्षण मिळत नाही, अशी तक्रार घेऊन प्रकरण कोर्टात गेलं आणि ९५ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा सोपा उपाय आहे. पास घेण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पासधारकांच्या आरक्षणाचं कॅलेंडर उघडा आणि येत्या तीन-चार रविवारी जागा आहे का ते बघा. दोन आठवडे रोज रात्री पाहिलंत तर जागा किती लवकर भरतात त्याचा अंदाज येतो. दोन आठवडे कोण थांबतो, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच म्हणते की वर्षभराचे पैसे देताय, पंधरा दिवस थांबा.

बुकिंग करून न गेल्यास काय होतं, तेही वाचा. ठरावीक वेळा गैरहजर राहिलं की पुढचे काही दिवस बुकिंगच करू न देणारे पार्क आहेत.

वर्ष कधी सुरू होतं?

वर्षाची मोजणी काही ठिकाणी खरेदीच्या दिवसापासून होते, काही ठिकाणी पहिल्या प्रवेशापासून, आणि काही ठिकाणी वर्ष नसतंच, हंगाम असतो. थंडीच्या प्रदेशातली अनेक पार्कं, उदाहरणार्थ अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं सीडार पॉइंट, हिवाळ्यात बंद असतात. तिथे हंगामी पास मध्यावर घेतला तर अर्धा गेलेलाच असतो. उलट अशी पार्कं उन्हाळा सरता सरता पुढच्या हंगामाचा पास विकायला काढतात आणि त्यावर चालू हंगामाचे उरलेले दिवसही देतात. ती वेळ साधणारा माणूस खरा फायद्यात असतो. मोजणी पहिल्या प्रवेशापासून असेल, तर भेट म्हणून मिळालेला पास घाईने वापरून सुरू करू नका.

सवलतीला बचत समजणं

'खाण्यावर आणि दुकानात दहा टक्के सूट आहे, त्यातच निम्मा पास सुटतो.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! सूट नसती तरी जी वस्तू तुम्ही घेतली असती, तिच्यावरची सूटच बचत. आम्ही घरून डबा नेणारी माणसं, पण त्या वर्षी सूट आहे म्हणून आतच जेवलो आणि मुलांना टोप्या घेतल्या. हिशोबात मी ही सूट शून्य धरते. पार्किंग मात्र पुरतं धरते, कारण गाडीने जाणाऱ्याला ते दर वेळी द्यावंच लागतं.

त्यातही एक गोष्ट लोक विसरतात. पार्किंग गाडीमागे असतं, माणसामागे नाही. पार्किंग आणि सूट देणारी वरची श्रेणी घरात एकानेच घेतली तरी चालते, बाकीचे खालची घेऊ शकतात. चौघांनाही वरची श्रेणी घेण्याआधी एवढं तपासा. फक्त चौघांच्या बंद तारखा जुळतात ना, ते बघा.

मुलांची उंची आणि वय

फार लहान मुलांना बऱ्याच पार्कांत प्रवेश फुकट असतो. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. अडीच वर्षांच्या मुलाचा पास घेऊ नका. मोठ्या रोलर कोस्टरना ४८ इंच, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर उंची लागते, काहींना ५४ इंच. मूल ४६ इंचांवर असेल तर सहा महिने थांबा. ज्या राइडसाठी ते हट्ट करतंय त्याच राइडच्या दारातून त्याला वर्षभर परत फिरवणं फार क्लेशाचं असतं. निघण्याआधी घरीच, बूट काढून, भिंतीला टेकवून मोजा.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मासिक हप्ता म्हणजे कधीही सोडता येणारं सदस्यत्व नव्हे. बहुतेक ठिकाणी बाराच्या बारा हप्ते भरावे लागतात.

आपोआप नूतनीकरणाची खूण खरेदीच्या दिवशीच काढून टाका, किंवा मुदतीच्या एक महिना आधीची आठवण फोनवर लावा.

नवा विभाग किंवा शेजारचं नवं पार्क जुन्या पासात येईलच असं धरू नका. अमेरिकेतल्या ऑरलँडोमध्ये युनिव्हर्सल कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क २२ मे २०२५ रोजी उघडलं, तेव्हा तिथल्या आधीच्या वार्षिक पासांत ते नव्हतं.

तुमची आवडती राइड दुरुस्तीसाठी किती दिवस बंद राहणार आहे, ते आधी पाहा. एका राइडसाठी पास घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

पार्कच बंद पडलं तर पैशांचं काय होतं, ते कलम वाचा. डिस्नीलँड मार्च २०२० पासून एप्रिल २०२१ च्या अखेरपर्यंत बंद होतं, आणि मधेच, जानेवारी २०२१ मध्ये, जुनी पासयोजनाच गुंडाळून उरलेल्या मुदतीचे पैसे परत दिले गेले. सगळी पार्कं असं करतील असं गृहीत धरू नका.

दारातली 'आजच' या शब्दाची घाई मनावर घेऊ नका. तिकीट पासात वळतं करायला नेमकी किती मुदत आहे, ते खिडकीवर स्पष्ट विचारा. काही ठिकाणी ती त्याच दिवसापुरती नसते.

मग घ्यावा कुणी?

पार्क घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर असेल आणि दोन तासांत परत यायची तुमची तयारी असेल, तर जरूर घ्या. पासचं खरं सुख तेच आहे. तिकीट काढून गेलं की माणूस सकाळी दार उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत राबतो. पास असला की गर्दी दिसली तर परत फिरता येतं.

त्या पावसाळी रविवारनंतर चार वर्षं आम्ही पास घेतला नाही. मग पार्कच्या जवळ राहायला आलो, पेन्सिलीने तारखा लिहिल्या, खोडल्या आणि मधल्या श्रेणीचा घेतला. फ्रिजवर कागद लावला आणि प्रत्येक फेरीची तारीख त्यावर लिहिली. पहिल्या वर्षी अकरा फेऱ्या झाल्या, त्यातल्या सहा तीन तासांच्या आतल्या. एका संध्याकाळी मुलगी नुसती घोड्यांच्या चक्रात तीनदा बसली आणि आपणहून म्हणाली, 'चला घरी.' दुसऱ्या वर्षी मुलाचे क्लास सुरू झाले आणि कागदावर चारच तारखा चढल्या. यंदा आम्ही पुन्हा तिकीट काढून जातो आहोत.