ॲनिमल फार्म वाचताना या चुका टाळा, आणि दुधाच्या बादल्या विसरू नका

ॲनिमल फार्म ही जॉर्ज ऑर्वेलची रशियन क्रांतीवर बेतलेली गोष्ट, जनावरं शेतमालकाविरुद्ध बंड करतात आणि मग डुकरंच मालक होऊन बसतात. ती वाचायला घेतली की बहुतेक जण आधी कोण म्हणजे कोण याचा तक्ता करतात. नेपोलियन हे डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल हे दुसरं डुक्कर म्हणजे त्याचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, शेतमालक जोन्स म्हणजे झार, कुत्री म्हणजे गुप्त पोलीस. मी पण पहिल्यांदा मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने अशाच जोड्या लावल्या होत्या आणि वाटलं, झालं, समजलं पुस्तक. तक्ता चूक नाहीये, पण तेवढ्यावरच राहिलात तर लेनिन कुठेय म्हणून शोधत बसता आणि लेनिनचं वेगळं डुक्कर त्यात नाहीच. बंडाचं स्वप्न दाखवणारं डुक्कर, म्हातारा मेजर, बोलतो मार्क्ससारखं, पण मेल्यावर त्याची कवटी उकरून झेंड्यापाशी ठेवतात आणि सगळ्यांना तिच्यासमोरून मानाने जायला लावतात, ते लेनिनच्या जपून ठेवलेल्या देहावरून आलंय. त्यामुळे अडलात तर माणूस शोधू नका, प्रसंग बघा. पवनचक्की म्हणजे सोव्हिएत पंचवार्षिक योजना, भर अंगणातले कबुलीजबाब आणि लगेच मृत्युदंड म्हणजे 1936 ते 1938 चे मॉस्को खटले, ज्यात स्टालिनने जुन्या साथीदारांकडून खोटे कबुलीजबाब घेतले, शेजारचा शेतमालक फ्रेडरिकने लाकडाच्या बदल्यात दिलेल्या खोट्या नोटा म्हणजे 1939 चा हिटलर-स्टालिन करार.

दुसरी चूक म्हणजे ऑर्वेल समाजवादाच्या विरोधात होता असं धरून चालणं. अहो, तो स्वतः समाजवादी होता, स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला, 1937 मध्ये गळ्यात गोळी लागली, आणि तिथेच स्टालिनच्या बाजूचे लोक आपल्याच डाव्या साथीदारांना कसे पकडतात ते त्याने बघितलं. राग आहे तो क्रांती चोरणाऱ्यांवर.

आणि सगळ्यात मोठी चूक इथे होते. स्नोबॉल चांगला, नेपोलियन वाईट, स्नोबॉलला हाकललं नसतं तर सगळं नीट झालं असतं, असं खूप जण म्हणतात. दुसरं प्रकरण परत उघडा. बंड झालंय, गायींची धार काढली, पाच बादल्या फेसाळ दूध भरलंय, कोणीतरी विचारतं की या दुधाचं काय करायचं, तर नेपोलियन बादल्यांपुढे उभा राहून म्हणतो दुधाची काळजी सोडा, गवत कापायला चला. संध्याकाळी परत येतात तर दूध गायब! पुढच्या प्रकरणात कळतं की ते रोज डुकरांच्या खाण्यात जातंय, आणि मग सफरचंदं पण त्यांनाच, आणि या एका बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत आहे, स्नोबॉलसकट. एरवी प्रत्येक गोष्टीवर भांडणारे हे दोघं! ऑर्वेलने स्वतः 1946 च्या एका पत्रात लिहिलंय की गोष्टीचं वळण ते दूध-सफरचंदांपाशी आहे, बाकीच्यांनी तेव्हाच पाय रोवायला हवे होते. मला हे कळल्यावर ते पान परत वाचलं तेव्हा खरंच गलबलून आलं, कारण विचारणारे होते, फक्त परत विचारलं नाही.

बंडानंतर जनावरांनी भिंतीवर सात नियम लिहिले, आणि डुकरं ते गुपचूप बदलत जातात. ते वाचताना आपलीही क्लोव्हर या घोडीसारखीच गत होते, मूळ नियम आठवत नाही आणि बदललेला वाचून असेलही असं वाटतं. म्हणून सात नियमांच्या पानावर खूण ठेवा आणि दर वेळी मागे जाऊन ताडून बघा. पलंगावर झोपू नये, त्यात चादर कधी घुसली ते सापडेल.

सिनेमा बघून शेवट सांगू नका. 1954 च्या कार्टून सिनेमाला आतून सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचा पैसा होता आणि त्यात जनावरं डुकरांवर उलटतात. पुस्तकात तसं काही नाही. तिथे डुकरं शेजारच्या शेतमालकांना जेवायला बोलावतात, आणि नेपोलियन आणि त्यांच्यातला पिल्किंग्टन पत्ते खेळताना एकाच वेळी इस्पिकचा एक्का टाकतात आणि भांडण पेटतं. ही जेवणावळ 1943 च्या तेहरान परिषदेवरून आलीय, जिथे स्टालिन, चर्चिल आणि रूझवेल्ट भेटले, आणि ती मैत्री टिकेल असं ऑर्वेलला वाटत नव्हतं. म्हणून डुकरं आणि माणसं यांचं जमलं असं समजू नका. जनावरं खिडकीबाहेरच उभी असतात, आत कोण डुक्कर आणि कोण माणूस ते त्यांना ओळखू येत नाही.