लाँजिंगच्या दोरीवर घोड्याचा वेग एकसारखा कसा ठेवावा

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही. तिथून आणलेला तरणा घोडा दोरीवर गोल फिरवायला घेतला की तक्रार बहुतेकांची एकच असते: अर्धी फेरी सुसाट, अर्धी रेंगाळत. मग माणूस दोरी ओढतो, चाबूक हलवतो, पुन्हा ओढतो. माझं मत विचाराल तर बऱ्याचदा घोड्यापेक्षा मधोमध उभा असलेला माणूसच वेग बिघडवत असतो. म्हणून खाली सांगितलेल्यातली बरीचशी मेहनत तुमच्या वाट्याची आहे.

आधी जागा बघा. काळ्या रानात पावसाळ्यात खूर रुततात आणि उन्हाळ्यात भेगांत पाय अडकायची भीती. सपाट मुरमाड पट्टी बरी. दगड वेचून वर नदीची वाळू पसरता आली तर फारच छान. गोल १८ ते २० मीटर व्यासाचा हवा. त्याहून लहान गोलात घोडा सतत वाकलेला राहतो, सांध्यांवर ताण येतो आणि वेग सांभाळणं त्याला जमतच नाही. चुन्याने गोल आखून घ्या, मधोमधही एक खूण करा. तीन वर्षांच्या आतल्या शिंगराला असं गोल गोल पळवू नका.

दोरी सुती आणि आठेक मीटरची घ्या. नायलॉनची दोरी हातातून सुटली तर कातडी सोलते. हातमोजे घाला, दोरीच्या घड्या हातात धरा, पण हाताला वेढा कधीच देऊ नका. दोरी नीट बसलेल्या म्होरकीला अडकवा. काटेरी लगाम अनेक ठिकाणी अजून सर्रास दिसतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांनी त्याला मनाई आहे आणि या कामात तर त्याची गरजच नाही.

आता उभं कसं राहायचं. तुम्ही, दोरी, चाबूक आणि घोडा यांचा त्रिकोण झाला पाहिजे: दोरी तोंडाकडे, चाबकाचं टोक मागच्या पायांकडे, तुमचं पोट घोड्याच्या तंगाच्या, म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाला जिथे आवळतात त्या जागेच्या, किंचित मागे. तुम्ही खांद्याच्या पुढे सरकलात की घोडा थबकतो, मागे सरकलात की पळतो. नकळत दोन पावलं इकडेतिकडे झाली तरी घोडा त्याला हुकूम समजतो. मधल्या खुणेवर एक टाच रोवा आणि तिच्याभोवतीच फिरा.

पहिले काही दिवस नुसत्या चालीवर घालवा. शब्द ठरवून घ्या आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरावेत: ‘चाल’, ‘दुडकी’, ‘हळूऽऽ’, ‘थांब’. वेग वाढवायचा शब्द चढत्या आवाजात, कमी करायचा लांबवून आणि उतरत्या आवाजात. दोन्ही बाजूंनी सारखं फिरवा. एक बाजू जड असतेच, तिच्यावर चिडून काही होत नाही.

चाल जमली की दुडकी. दुडकीत पाय कर्णरेषेत जोडीने पडतात, त्यामुळे ताल दोन मात्रांचा: एक-दोन, एक-दोन. तो तोंडाने मोजा. मोठ्याने मोजलं तर तुमचाही श्वास संथ होतो. मग मुख्य गोष्ट: वेग ठीक असेल तेव्हा काहीही करू नका. चुचकारणं नको, चाबूक हलवणं नको, दोरीही फक्त हलकी ताणलेली. वेग बदलायला लागला की त्याच क्षणी एकदाच सांगा. वाढला तर ‘हळूऽऽ’ म्हणत बोटं मुठीत आवळा आणि लगेच सोडा. घसरला तर चाबकाचं टोक मागच्या पायांच्या दिशेने उचला. ऐकलं की पुन्हा गप्प. सतत ओढलेली दोरी घोड्याला टेकायला आधार देते, आणि टेकलेला घोडा आणखी जोरात पळतो.

अंदाजावर विसंबू नका, मोबाईलवर फेऱ्यांची वेळ मोजा. आठ मीटर दोरी आणि पुढे केलेला हात धरला तर फेरी साधारण ५५ मीटरची होते. ताशी १२ किलोमीटरच्या दुडकीला तिथे १६-१७ सेकंद लागतात. सलग पाच फेऱ्या दोनेक सेकंदांच्या फरकात आल्या की काम झालं समजा. मोठ्या बांध्याच्या घोड्याचा आकडा थोडा वेगळा येईल. तुम्हाला बघायचा आहे तो फेऱ्यांमधला फरक.

गोठ्याकडे तोंड आलं की घोडा हमखास सुटतो आणि गोठा पाठीमागे गेला की मंदावतो. तो सुटल्यावर ओढून उपयोग नाही. सुटायच्या जागेच्या आठ-दहा पावलं आधीच ‘हळूऽऽ’ म्हणा, तिथेच दुडकीवरून चालीवर आणा, अर्धी फेरी चालवा, पुन्हा दुडकी. ही अदलाबदल हेच खरं औषध. दिवसभर बांधून ठेवून वर हरभरा चारलेला घोडा मात्र कशानेच शांत होणार नाही. आधी मोकळा सोडा, मग दोरी लावा.

मारवाडी-काठेवाडी घोडा दुडकीऐवजी रेवाल चालीत, म्हणजे या जातींच्या उपजत, धक्के न देणाऱ्या चालीत गेला तर भांडू नका, त्याच चालीत ताल मोजा. फक्त चाल मधेच बदलू देऊ नका. वरातीत नाचवलेल्या घोड्याला जास्त वेळ द्या. दोरी ताणली की पुढचे पाय उचलायचे, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याला लांब सैल दोरीवर नुसत्या चालीने बरेच दिवस फिरवा.

ताल एकाच पायावर चुकत असेल किंवा पाऊल पडताना मान वर झटकली जात असेल तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही, लंगडणं आहे. आधी नालबंदाला खूर दाखवा, मग पशुवैद्यकीय दवाखाना. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयंही आहेत.

सगळं मिळून १५ ते २० मिनिटं पुरेत. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत, सकाळीच उरका. शेवटी चालवत थंड करा आणि डाव्या कोपराच्या मागे तळहात ठेवून ठोके मोजा. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात; काम थांबवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते ६० च्या खाली आले नाहीत तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी फेऱ्या कमी करा.