दोन भाषा बोलणाऱ्या रुग्णाच्या बोलण्याची नोंद कशी ठेवावी

अल्झायमर किंवा पार्किन्सन झालेल्या माणसाचं बोलणं बदलू लागलं की दोन्ही भाषांतल्या गप्पा मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. तारीख, वेळ लिहायची. पार्किन्सन असेल तर औषध कधी घेतलं होतं तेही, कारण डोस उतरत आल्यावर बोलण्यात फरक पडू शकतो. यात अवघड काही नाही.

घोळ होतो तो भाषांच्या सरमिसळीपाशी. जन्मभर मिसळून बोलणारा माणूस आजारपणातही मिसळूनच बोलणार. त्याला लक्षण समजून घाबरू नका. बघायचं ते हे, की समोर कोण होतं आणि त्याला कोणती भाषा येते. मराठी न कळणाऱ्या नर्सशी आजोबा मराठीत बोलतात, ती गोंधळून बघते, तरी ते भाषा बदलत नाहीत. हे पूर्वी होत नसेल, तर ठळक लिहून ठेवा. माणूस पाहून भाषा निवडणं, दुसरी आवरून धरणं हे मेंदूचं काम असतं आणि तेच इथे ढिलं पडलेलं असू शकतं.

“मला ती... ती... की दे, दार उघडायचंय” हा प्रकार वेगळा. इथे ‘किल्ली’ हा शब्द अडलाय आणि माणसाने दुसऱ्या भाषेतून वाट काढलीय. वाट काढू द्या. “मराठीत काय म्हणतात, सांगा बघू?” अशी परीक्षा मुळीच घेऊ नका. माणूस खजील होतो, पुढे बोलायचंच टाळतो. वाक्य जसंच्या तसं लिहा, अडखळण्यासकट. “गोंधळून बोलले” अशा शेऱ्याचा आम्हा वाचोपचारवाल्यांना (स्पीच थेरपिस्टना) काडीचा उपयोग नाही.

“आता एकच भाषा बोला, डोक्याला ताण नको” हा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. दोन भाषांमुळे आजार बळावत नाही. उलट मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 648 रुग्णांवर केलेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विभाषकांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं दिसलं. सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, पण भाषा तोडायला त्यातही आधार नाही. “शेवटी मातृभाषाच उरते” हेही नियम म्हणून धरू नका. रोजच्या वापरातली भाषा कोणती, यावर बरंच अवलंबून असतं.

तपासणी दोन्ही भाषांत करायला सांगा. नातेवाईकांनी मध्ये शब्द पुरवायचे नाहीत. कोणती चाचणी कोणत्या भाषेत झाली ते रिपोर्टवर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार?