पर्यावरण संस्थेत इंटर्नशिप करायचीय? मग आधी चारशे पानं वाचायची तयारी ठेवा

एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्सचं पहिलं वर्ष संपल्यावर मी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत मे-जून अशी दोन महिने इंटर्नशिप केली, आणि तेव्हापासून ज्युनियर्सचे मेसेज येत असतात की ताई तिथे नक्की करायला काय लागतं, मोर्चे असतात का, पोलीस केस वगैरे होते का (आईचा पण पहिला प्रश्न हाच होता). म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू.

तर मोर्चा एकही नव्हता. पहिल्या दिवशी आमच्या को-ऑर्डिनेटर दादाने एक पीडीएफ पाठवली, चारशेच्या वर पानं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रस्तावित बॉक्साइट खाणीचा ईआयए, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल. म्हणाला शुक्रवारपर्यंत वाच आणि यात खोटं काय आहे ते सांग. मला वाटलं गंमत करतोय. मग त्यानेच सांगितलं की याच जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात मागे रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचलून चिकटवलेला सापडला होता. रशिया! कोकणात! त्यानंतर मी तो रिपोर्ट पेन्सिल घेऊनच वाचला.

नव्या लोकांसाठी थोडक्यात, २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाचा आधी कच्चा अहवाल होतो, मग त्यावर जनसुनावणी, ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, मग पक्का अहवाल तज्ज्ञांच्या समितीपुढे जातो. सुनावणीची नोटीस पेपरात आल्यापासून लोकांना कमीत कमी ३० दिवस मिळतात. अ‍ॅडव्होकसी म्हणून, म्हणजे लोकांची बाजू मांडायला, जे काही आम्ही केलं ते सगळं या ३० दिवसांत बसवायचं होतं, वाचायचं, गावात जायचं, लोकांना समजावायचं, हरकती लिहायच्या.

रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचू नका, झोप येते. आधी बघा नमुने आणि मोजमापं कुठल्या महिन्यात घेतली. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा चालतो, आणि आमच्या रिपोर्टमध्ये तो मार्च ते मेचा होता. आता मे महिन्यात कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काय दिसणार, तापलेला कातळ आणि वाळकं गवत. रिपोर्टने लिहून टाकलं की जमीन पडीक आहे, बारमाही प्रवाह नाही. सातबाऱ्यावर पण पोटखराबाच, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. कागदावर सगळं बरोब्बर, आणि म्हणूनच ते पकडायला अवघड. पक्कं खोटं पकडणं त्या मानाने सोपं असतं.

परिवेश पोर्टलवरून (पर्यावरण मंजुरीची सरकारी वेबसाइट) खाणीच्या हद्दीची केएमएल फाइल, म्हणजे नकाशाची फाइल, उतरवून गूगल अर्थवर टाकली तर हद्दीतून एक बारीक कोरडी रेघ जाताना दिसली. गावात गेल्यावर एका आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगो, तो पऱ्या. पावसात ये नि मग ओलांडून दाखव." पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. खालच्या वाडीच्या विहिरी त्या पऱ्याच्या पाण्यावर जानेवारीपर्यंत भरलेल्या असतात. हे चारशे पानांत कुठेच नव्हतं. सड्यावर पावसाळ्यात फुलं येतात, गुरं तिथेच चरतात, आणि याच पट्ट्यातल्या सड्यांवर ती कातळशिल्पं आहेत जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणून गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय एकही हरकत लिहू नका, मी अर्धी तर पुण्यात बसून लिहिली होती आणि ती सगळी फेकावी लागली.

सगळ्यात जास्त वेळ गेला मराठीत, आणि हे कोणी आधी सांगत नाही. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, पण आमच्याकडे आलेल्या सारांशात फ्युजिटिव्ह डस्टचं, म्हणजे खाणीतून, रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचं, चक्क "फरारी धूळ" केलेलं. लोक विचारायला लागले कोण पळालं? मी चार पानांचं साधं मराठी केलं, डंपर दिवसाला किती फेऱ्या मारणार, कुठल्या रस्त्याने, स्फोट किती वाजता, माती कुठे टाकणार. इंग्रजी मीडियमवाल्यांनो, वाईट वाटून घेऊ नका पण तुमचं मराठी कच्चं असेल तर आत्ताच पेपर वाचायला लागा. २०२० मध्ये नव्या ईआयए अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो २२ भाषांत भाषांतरित करा असं दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं होतं, यावरून समजा.

माहिती अधिकाराचे अर्ज पण इंटर्नच लिहितात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, माझा पहिला अर्ज निबंध होता. उत्तराला ३० दिवस, म्हणजे सुनावणीच्या आधी हवं असेल तर पहिल्याच दिवशी टाका. आम्ही उशीर केला, उत्तर सुनावणी झाल्यावर आलं.

दुसरी घोडचूक तर पूर्णपणे माझी. एकच हरकत टाइप करून साठेक झेरॉक्स काढल्या आणि त्यावर सह्या घेतल्या, मला वाटलं केवढं मोठं काम. सुनावणीच्या इतिवृत्तात त्या सगळ्यांची मिळून एक ओळ झाली. त्याच आजीने स्वतःच्या विहिरीबद्दल जे तीन वाक्यांत लिहून दिलं होतं ते मात्र वेगळं नोंदलं गेलं.

सुनावणीबद्दल एक गोष्ट पाठ करा. शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि काय सुटलं, काय उलटं लिहिलं ते तेव्हाच सांगता येतं. आमच्या सुनावणीत ते वाचन सुरू झालं तेव्हा सव्वाचार झालेले आणि निम्मा मांडव शेवटच्या एसटीसाठी उठून गेलेला. कोरमची अट नाहीच, खुर्च्यांसमोर पण वाचतात. पऱ्याचा मुद्दा त्यात नव्हता, दादाने उठून सांगितला तेव्हा घातला. मी त्या वेळी चहाच्या टपरीवर होते, हे सांगायला लाज वाटते.

घरचे म्हणतील यात करिअर काय. मला महिना पाच हजार आणि प्रवासखर्च मिळाला, बऱ्याच ठिकाणी तेवढं पण नाही, तेव्हा आधीच स्पष्ट विचारा. पण विद्यार्थ्यांचं कोण ऐकतं असं कोणी म्हणालं तर २०१९ मध्ये आरेची झाडं तोडली जात होती तेव्हा लॉच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र सांगा, त्याची सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. पुण्यातली कल्पवृक्ष संस्था पण १९७९ मध्ये दिल्लीत शाळा-कॉलेजच्या पोरांनीच सुरू केलेली.

अर्ज एप्रिलमध्ये करू नका, तोवर जागा गेलेल्या असतात, जानेवारी-फेब्रुवारीतच मेल टाका. "मला निसर्गाची आवड आहे" हे सगळेच लिहितात, त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या प्रकल्पाचा सारांश वाचून त्यावर एक पान लिहून जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर सरळ फोन करा, छोट्या संस्थांमध्ये मेल बघायचं काम बहुतेक मागच्या इंटर्नकडेच असतं आणि तो गेलेला असतो.